गोल नसलेले

‘सांभाळून हं आजी, इथली फरशी निघालीय,’ असं म्हणून तो बाजूला झाला. रस्त्याचं काम चालू असल्यामुळे बसचा थांबा मागे नेला होता, आणि इस्पितळाच्या मागच्या दारावरून जाणाऱ्या या अरुंद पदपथावर तो एरवी कधी येत नसे. समोरून येणारी म्हातारी पाठीत वाकलेली होती. पाऊल टाकण्याआधी ते कुठं टाकायचं याचा विचार करत, खाली बघत ती येत होती. अंगात ढगळ राखाडी पुरुषी स्वेटर होता. असा एक आपल्याकडेही होता, असं त्याच्या मनात येऊन गेलं. म्हातारी थांबली. मान वर करायला तिला त्रास होत असावा, कारण तिने ती अर्धीच वर केली, त्याच्या छातीपर्यंत, आणि पुन्हा खाली घातली. निघालेल्या फरशीला वळसा घालून भिंतीच्या कडेने पुढे गेली. सकाळी सकाळी एक चांगलं काम झालं एवढं समाधान घेऊन त्याने रस्ता ओलांडला. आताशा त्याला अशी लहान समाधानं पुरत.

प्रयोगशाळेच्या बाहेरच्या खोलीत जोडे बदलून त्याने खुंटीवरचा पांढरा कोट काढला, एक हात बाहीत घातला, आणि दुसरा घालताना कोपर बाहीत अडकलं. तेव्हा त्याला तो स्वेटर दिसला. म्हणजे त्याची कोपरं दिसली. दोन्ही कोपरांना तपकिरी कापडाची ठिगळं होती आणि ठिगळांचा टाका तिरका होता. विणलेल्या कपड्याला सरळ टाका घातला तर तो ताणल्यावर तुटतो, असं त्याच्या बायकोने ती ठिगळं लावताना तोंडात टाचण्या धरून त्याला सांगितलं होतं. कोट अर्धा अंगात, अर्धा लोंबत, असा तो खुंटीसमोर उभा राहिला. मागून कुणीतरी आलं, ‘काका, जरा सरकता का?’ म्हणालं, आणि तो सरकला.

ती तिथे असण्याचं काही कारण नव्हतं. ती या वेळी शिंप्याच्या मोठ्या दुकानात, मागच्या खोलीत, कापड कापायच्या टेबलाशी उभी असते. लग्नाआधीपासून ती तिथे कटर होती. स्वेटर तिने कुणाला तरी देऊन टाकला असेल. तिला सवयच होती, घरातली वस्तू सहा महिने कुणी मागितली नाही की ती दुसऱ्याच्या घरी नांदायला जायची. तेव्हा तो स्वेटर कुठल्याशा म्हातारीकडे गेला असेल, आणि ती म्हातारी आज इस्पितळात आली असेल. हे सगळं पटण्यासारखं होतं. त्याने ते स्वतःला एकदा पटवलं, पुन्हा एकदा पटवलं, आणि तिसऱ्यांदा पटवायला लागल्यावर त्याच्या लक्षात आलं, की ज्याला एखादी गोष्ट पटलेली असते तो ती अशी घोकत बसत नाही. फोन करावा म्हणून तो खिशात हात घालून थांबला. विचारणार काय? मघाशी मी जिला आजी म्हणालो ती तू होतीस का? ती नसली तर हसेल. आणि असली तर? फोन खिशातच राहिला.

सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत तोच घोंगावणारा आवाज होता. घरी गेल्यावरही तो काही वेळ कानात राहायचा, आणि थांबला की कुणीतरी बोलता बोलता गप्प झाल्यासारखं वाटायचं. इतकी वर्षं तो हे यंत्र चालवत होता. नमुन्याचा थेंब घालून गोठवलेली जाळी चिमट्याने आत सरकवायची, आतली हवा निघून जाईपर्यंत थांबायचं, मग पडद्यावर उमटणाऱ्या राखाडी धुरळ्याकडे बघत बसायचं. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंचा विषय होता रेट्रोव्हायरस नावाच्या विषाणूंचा. खरा विषाणू या इमारतीत नव्हता. त्याची बांधणी ज्याने होते ते प्रोटीन तेवढं इथे तयार करत, खारट पाण्यात सोडत, आणि ते कुणी न सांगता एकमेकांना धरून गोळे बांधायला लागे. सहा जणांचा एक फेर, त्याला चिकटून सहा जणांचा दुसरा फेर, आणि सगळा पसारा वाकत वाकत गोल. निरुपद्रवी टरफलं. ‘गवंडी नाही, आराखडा नाही, विटाच शहाण्या,’ असं बाई पाहुण्यांना सांगत, आणि पाहुणे दर वेळी हसत.

बाईंना पडलेला प्रश्न अगदी लहान होता. या प्रोटीनचे दोन मोठे भाग, आणि त्यांच्या मध्ये एक चिमुकला तुकडा. खऱ्या विषाणूत गोळा बांधून पेशीबाहेर पडला की एक कात्री चालते, हा तुकडा कापला जातो, गोळ्याचं आतलं अस्तर मोडतं आणि त्या मोडीतूनच एक नवं निमुळतं कवच उभं राहतं. त्या कवचाला बंद व्हायला सहाच्या फेरांमध्ये पाचाचे नेमके बारा फेर लागतात. ‘बारा भानगडी केल्याशिवाय त्याचं तोंड मिटत नाही, आमच्या नणंदेसारखं,’ हाही बाईंचाच विनोद. पण पक्क्या विषाणूत ज्याला जागाच नाही असा तो मधला तुकडा आधी असतो कशाला? म्हणून त्यांनी तुकडा काढून टाकलेलं प्रोटीन बनवलं होतं. त्याचे गोळे होतात की नाही, एवढंच बघायचं होतं. त्याने बघितलं होतं. जवळजवळ होत नव्हते.

बघितलं होतं म्हणजे यंत्राने बघितलं होतं. या कामात एका कणाचं चित्र कधीच पुरत नाही. एकटा कण म्हणजे धुक्यातला धब्बा. तसे हजारो धब्बे गोळा करायचे, फिरवून फिरवून एकावर एक बसवायचे आणि त्यांची सरासरी काढायची, मग धुकं विरतं आणि आतून एक स्वच्छ, रेखीव आकृती वर येते. पहिल्यांदा ती बघितली तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला होता. ही आकृती कुणाची, असं त्याने तेव्हा विचारलं होतं, आणि बाई म्हणाल्या होत्या, ‘सगळ्यांची.’ कुणाचीच नाही, असं ते त्याला पुढे कधीतरी एकट्याने बसलेला असताना कळलं. जाळीवरचा कुठलाही एक गोळा तसा नसतो. कुणाला खळगा असतो, कुणाला भेग असते, कुणी एका अंगाने बसका असतो. ते सगळं सरासरीत विरघळून जातं. आणि हजारो गोळे वेचायचे तर माणसाची बोटं पुरत नाहीत, म्हणून त्याने यंत्राला शिकवलं होतं. चांगल्या नमुन्यातल्या एकेका गोळ्यावर खूण करून, हा धर, हा धर, हा सोड. यंत्र त्याच्या नजरेने बघायला लागलं, फक्त न दमता. यंत्राने न उचललेलं सगळं एका वेगळ्या कप्प्यात पडे. त्याला सगळे कचरा म्हणत. कचरा कुणी उघडत नसे. सगळंच बघत बसलं तर माणूस बघणार तरी काय?

पडद्यावर धुरळा सरकत होता आणि तो आज सकाळचा तिचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत होता. दोघं चहा प्यायली होती. ती समोर होती, हे नक्की. चेहरा लगेच आला, इतका लगेच की त्याला बरं वाटलं. सरळ मान, काळे केस मागे बांधलेले, डाव्या भुवईत टाका घातल्यासारखी एक आठी, ओठांत टाचण्या. मग त्याला वाटलं, चहा पिताना टाचण्या कशा असतील? त्याने टाचण्या काढल्या. केसांकडे बघितलं. केस काळे कसे? केस पांढरे व्हायला लागून बरीच वर्षं झाली होती, हे त्याला माहीत होतं, माहिती म्हणून माहीत होतं, जसं दुसऱ्या देशाच्या राजधानीचं नाव माहीत असतं. त्याने केस पांढरे केले. मग मान. मान तो वाकवू शकला नाही. ती सरळच राहिली. हा चेहरा आज सकाळचा नव्हता, कालचाही नव्हता, कुठल्याच दिवसाचा नव्हता. चहाचे सगळे पेले एकावर एक ठेवल्यावर जो चेहरा उरतो तो होता. सकाळी समोर कोण बसलं होतं ते त्याने बघितलंच नव्हतं. त्याने फक्त ओळखलं होतं.

‘काका, चेहरा का असा? घरी भांडण झालं का?’ बाई दारातून म्हणाल्या. वयाने त्या त्याच्याहून फार लहान नव्हत्या, तरी सगळ्यांसारखं काकाच म्हणत.

‘भांडायला दोघं घरी लागतात, बाई.’

‘छे, आमच्याकडे फोनवर भांडतात. जेवण तरी गरम मिळतं.’ त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या नाहीत, नुसत्या पाठीला हात टेकून उभ्या राहिल्या. त्यांनाही झोप पुरलेली दिसत नव्हती. ‘त्या तुकडा काढलेल्या नमुन्याचं काय? गोळे नाहीतच जवळजवळ, असंच ना?’

‘तसंच.’

‘मग झालं. तुकडा म्हणजे डिंक. डिंक काढला, विटा सुटल्या. या आठवड्यात लेख पाठवते आणि दोन दिवस कुणाचं तोंड बघत नाही.’

त्या गेल्या. ‘तसंच’ हा शब्द खोलीत राहिला. हा आपला शब्द आहे, असं त्याला वाटलं. कुणी काही विचारलं की आपण तसंच म्हणतो, तसं बरंय म्हणतो, तसं चाललंय म्हणतो. काका म्हटलं की जसा माणूस गोल होतो, कुठूनही धरला तरी सारखाच लागतो, तसा हा शब्द. आजीही तसाच. पदपथावर आजी म्हणून त्याने एका बाईचं सगळं जे काही असेल ते एका शब्दात पुसून टाकलं होतं, आणि वर प्रेमाने पुसलं होतं.

मागे एका रविवारी त्याची बायको शिवणयंत्रावर बसली होती. तिच्यासमोर तिचंच जाकीट होतं, पाठीची शिवण उसवलेली. दुकानात जाताना ती नेहमी जाकीट घालायची, कटरचं अंग हीच दुकानाची जाहिरात असते म्हणायची. ‘परत उसवलंस? मागच्याच महिन्यात केलं होतंस ना?’ त्याने विचारलं होतं. ‘माप बदललंय,’ ती टाचण्यांमधून म्हणाली. ‘वजन वाढलं?’ तो हसला होता. ‘हो. पाठीवर,’ तीही हसली होती. तो पेपर वाचत राहिला. आता त्याला ते जाकीट पडद्यावर असावं तसं दिसायला लागलं. पाठीचा भाग लांब केला होता. पुढचा आखूड केला होता. कॉलरला आतून जाड अस्तर लावून ती उभी ठेवली होती, खांद्यांच्या मध्ये कापूस भरून पाठ आणि मान यांमधला खळगा बुजवला होता. एवढं सगळं त्याने त्या रविवारी बघितलं होतं, डोळ्यांनी बघितलं होतं, आणि कचऱ्यात टाकलं होतं. दर महिना-दोन महिन्यांनी ती थोडी वाकायची आणि जाकीट तेवढं कापायची, आणि त्याच्या बाजूने ती सरळच दिसत राहायची. आज सकाळी जाकीट नव्हतं, एवढाच फरक होता.

आणि तिने त्याला कधी असं न बघता नुसतं ओळखलं नव्हतं. लग्न झाल्यावर तिने त्याच्यासाठी पहिला सदरा कापला तेव्हा ती त्याच्यासमोर नुसती उभी राहिली होती, डोळे बारीक करून, आणि तो लाजून हसायला लागला होता. ‘हसू नका. डावा खांदा खाली आहे तुमचा,’ ती म्हणाली होती. ‘छे, उगीच काहीतरी.’ ‘असू दे, नाही दिसणार.’ तेव्हापासून त्याच्या प्रत्येक सदऱ्याचा डावा खांदा वेगळा कापलेला असायचा, आणि आपण दोन्हीकडून सारखे आहोत अशा समजुतीत त्याचा जन्म गेला होता. दोघांचंही वाकडेपण तिनेच शिवून झाकलं होतं. फक्त तिला दोन्ही माहीत होती.

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेल्यावर त्याने कचऱ्याचा कप्पा उघडला. का, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. डबा खाण्याची इच्छा नव्हती आणि हात रिकामे होते. तुकडा काढलेल्या नमुन्याची मूळ चित्रं तो एकेक करून लावत गेला आणि यंत्राला काहीच न विचारता बघत बसला. पहिल्यांदा नेहमीचंच दिसलं, बर्फाचे खडे, डाग, मोडतोड. डोळे चुरचुरायला लागले. मग एका चित्राच्या कडेला त्याला एक फिकट पट्टा दिसला, आणि तो दिसल्याबरोबर शेजारचा दिसला, आणि मग मागची सगळी चित्रं त्याने पुन्हा काढली, कारण त्यांतही ते होते. लांबट, बारीक, दोन्ही कडा समांतर. मोडके गोळे नव्हते ते. नळ्या होत्या. एकीच्या भिंतीवर त्याने चित्र मोठं करून बघितलं, तर तेच सहा-सहांचे फेर, एकाला एक चिकटलेले, नीट, घट्ट. चित्रागणिक होत्या. तो मागे टेकून बसला. आनंद झाला नाही. दमल्यासारखं वाटलं, आवरून ठेवलेलं घर पुन्हा उपसावं लागल्यासारखं.

सगळे वर आल्यावर त्याने बाईंना बोलावून पडद्यासमोर उभं केलं.

‘कुठून काढल्या या?’

‘कचऱ्यातून. मी यंत्राला गोलच शिकवलं होतं.’

‘आणि मी तुमच्याकडे गोलच मागितलं होतं.’ त्या आता खुर्चीवर बसल्या. ‘वा. लेखाचे बारा वाजले.’ मग त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. ‘बरं झालं हो काका, आज बघितलंत. छापून आल्यावर कुणा तिऱ्हाइताने दाखवलं असतं.’

‘म्हणजे तुकडा डिंक नाही.’

‘कसला डिंक! तुकडा नसतानाही किती घट्ट धरलंय बघा. धरायला कुणाची गरज नाही त्यांना.’ त्यांनी हाताचा पंजा पसरला आणि हळूहळू वाटीसारखा केला. ‘तुकडा असला की असं, सगळ्या बाजूंनी वाकतं. नसला की,’ त्यांनी पंजाची सुरळी केली, ‘एकाच बाजूने वाकतं. एवढ्याशा तुकड्याने कोन जरासा इकडचा तिकडे होतो, बास. तो जोडायला नव्हता, वाकवायला होता.’ त्या आपल्याच हाताकडे बघत राहिल्या. ‘जा घरी आज. तुमचे डोळे लाल झालेत.’

तो घरी आला तेव्हा ती स्वयंपाकघरात उंच स्टुलावर बसून कांदा चिरत होती. स्टूल नवं नव्हतं, पण ती बसून चिरते हे त्याला आज दिसलं. अंगात जाकीट होतं. कॉलर उभी. तो दारातच थांबला.

‘लवकर आलात.’

‘हो. तू पण.’

‘हं.’ सुरी चालत राहिली. ‘उभे का? बसा की.’

‘तो माझा राखाडी स्वेटर,’ तो म्हणाला.

सुरी थांबली. ‘ओळखलंत म्हणजे.’

‘नंतर ओळखलं.’

‘नंतर म्हणजे कधी?’

‘कोट घालताना.’

‘अच्छा. तेवढ्यात मी घरी पण पोचले असते.’ तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे त्याला कुठे धरायला जागा राहिली नाही. ‘फोटो काढायचा होता पाठीचा. धातूची बटणं चालत नाहीत म्हणाले, काढघालीला सोपं काहीतरी घालून या म्हणाले. म्हणून स्वेटर.’

‘हाक का नाही मारलीस?’

‘मारणार होते. पण तुम्ही इतकं गोड बोललात हो. सांभाळून हं, आजी. म्हटलं, असू दे, ऐकून घेऊ. बायकोला बोलला असतात तर म्हणाला असतात, बघून चाल.’ ती हसली. मग कांद्याच्या नावाखाली तिने डोळे पुसले. त्याने खुर्ची ओढून घेतली आणि बसला.

तिने सांगितलं ते थोडक्यात सांगितलं, दुकानातल्या गिऱ्हाइकाला कापड का पुरत नाही ते सांगावं तसं. पाठीचा एक मणका मागेच चेपला होता. आता दुसरा चेपलाय. हाडं ठिसूळ झाली की होतं असं, टेबलावर ओणवून जन्म काढला की आणखी होतं. मणका पुढच्या अंगाने बसतो, पाचरीसारखा होतो, आणि वरचं सगळं पुढे झुकतं. बाकी हाडं जागच्या जागी असतात, एकमेकांना धरून असतात. त्याच्या डोळ्यांसमोर बाईंचा पंजा आला आणि गेला.

‘उद्या सकाळी सुई घालून आत सिमेंट भरणार आहेत,’ ती म्हणाली. ‘हसू नका. सिमेंटच म्हणतात त्याला. नाही भरलं तर वरचाही बसेल म्हणाले, मग हिंडणं-फिरणं संपलं.’

‘उद्या?’

‘उद्या. शेजारच्या वहिनी येणारेत बरोबर.’

‘मी येतो.’

‘नको.’

इतकं सरळ नको तिने त्याला कधी म्हटलं नव्हतं. बाहेर जिन्यावरून कुणीतरी सायकल उतरवत होतं, एकेक पायरी ठक ठक वाजत होती.

‘का नको?’

‘मागे पाठ धरली होती तेव्हा आला होतात ना डॉक्टरांकडे? त्यांनी मला विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, तशी ती बरी असते. झालं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि आपण घरी. तेव्हाच फोटो काढला असता तर...’ तिने वाक्य सोडून दिलं. ‘तुम्हाला काही लपवायचं नव्हतं, माहितेय मला. तुम्ही गोळाबेरीज सांगता. दिवसभराचं सगळं मिळून मी बरीच असते. पण मला दिवसभर मिळून दुखत नाही हो. दुखतं तेव्हा दुखतं. आणि उद्या मला भूल देऊन पालथं पाडणार, मला बोलता येणार नाही. माझ्या वतीने बोलायला कुणीतरी असं हवंय, की जे असेल ते बोलेल. वहिनींनी माझी पाठ बघितलीय.’

त्याला म्हणायचं होतं, मीही बघितलीय. ती उठली, कांदा भांड्यात टाकला, गॅस लावला नाही. टेबलाच्या खणातून मापाची पट्टी काढून तिने गळ्यात टाकली आणि दाराकडे बघितलं. ‘वहिनी येतो म्हणाल्या होत्या. उद्याच्या नंतर पाठीला पट्टा बांधायचाय, तो बनवणाऱ्याला आजच माप कळवायचंय. पाठीचं माप माझं मला घेता येत नाही.’

‘मी घेतो.’

‘तुम्हाला नाही यायचं.’

‘कसं धरायचं ते सांग.’

तिने गळ्यातली पट्टी काढून त्याच्या हातात दिली. मग तिने जाकिटाची बटणं सोडली. आत पातळ सुती सदरा होता. ती भिंतीकडे तोंड करून, भिंतीला दोन्ही हात टेकून उभी राहिली, आणि तो तिच्या मागे उभा राहिला. मान जिथे संपायची तिथून पाठ बाहेर आली होती, मध्यावर उंचवटा होता, आणि उंचवट्याच्या उजव्या अंगाला सदरा ताणला गेला होता, डाव्या अंगाला त्याला चुण्या पडल्या होत्या. ही पाठ त्याला अनोळखी होती. तो घाबरला, आणि तरी बघत राहिला.

‘मानेचं ते टोचणारं हाड आहे ना, तिथून. पट्टी अंगाला लागून येऊ द्या, ताणू नका.’

त्याने पट्टी उंचवट्यावरून खाली सोडली आणि कमरेपाशी अंगठ्याने धरली. आकडा वाचला. खात्री करायला पुन्हा वाचला तर तो वेगळा होता. बोट हललं असेल म्हणून त्याने पुन्हा धरली. बोट हललं नव्हतं. ती श्वास घेत होती.

‘काय आलं?’

एरवी त्याने मधला आकडा सांगितला असता. तो जिभेवर आलाही होता. ‘श्वास घेतलास की एक येतंय, सोडलास की बोटभर कमी,’ तो म्हणाला. ‘दोन्ही सांगतो.’ त्याने दोन्ही सांगितले.

तिने भिंतीवरचे हात जरा वर सरकवले. मग म्हणाली, ‘बाजूंनी घ्या. बगलेतून कमरेपर्यंत.’

‘उजवीकडे जास्त भरतंय.’

‘किती?’

त्याने ते सांगितलं. ‘आणि डावीकडे इथे,’ त्याचं बोट एका जागी थांबलं, ‘इथे हात लागला की तू दचकतेस. वर नाही. खालीही नाही. एवढ्याच जागी.’

‘लावा परत.’

त्याने बोट पुन्हा अगदी हलकं टेकवलं. तिने श्वास आत ओढला. ‘हो. तिथेच. फोटोत त्यांनी ते वरचं दाखवलं होतं मला.’ तिचे हात भिंतीवर तसेच होते. ‘ही जागा मी त्यांना सांगितलीच नाही. मलाच ठाऊक नव्हती. नुसतं पाठ दुखते म्हणाले मी.’

‘सुई घालण्याआधी सांगायला हवं.’

‘सांगायला हवं.’

दारावर थाप पडली. ‘अहो, येऊ का मी? माप घ्यायचं राहिलंय ना?’ वहिनींचा आवाज आला.

तिने मान वळवली नाही. भिंतीकडे बघतच, त्याचं बोट जिथे होतं तिथेच राहू देत, ती मोठ्याने म्हणाली, ‘झालं हो वहिनी. आणि उद्या तुम्ही निवांत झोपा सकाळी.’